जुन्या पिकअपचा पार्ट : शोध आणि निदानाचा इतिहास

पिकअप ट्रक कारखान्यातून पूर्ण तयार होऊन अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या हाती पडू लागला तो १९२५ साली. त्याआधी शेतकरी किंवा दुकानदार फोर्डची मॉडेल टी मोटार घेई, तिची मागची बाजू काढून टाकी आणि गावातल्या सुताराकडून लाकडी हौदा चढवून घेई. १९१७ मध्ये फोर्डने मॉडेल टीटी ही एक टनाची चासी विकायला काढली. सुरुवातीची काही वर्षे तिच्यावरची केबिन आणि हौदाही बाहेरूनच यायचा. एप्रिल १९२५ मध्ये २८१ डॉलरला मिळू लागलेल्या पिकअपला मात्र पोलादी हौदा आणि मागचा फाळका कंपनीनेच बसवलेला होता. इंजिन, गिअर, अॅक्सल, चाके हे सगळे मोटारीचेच. त्यामुळे या पहिल्या पिकअपचा पार्ट शोधणे म्हणजे मॉडेल टीचा पार्ट शोधणे, आणि तो त्या काळी खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळत असे.

ही सोय सुट्या भागांचे माप एकसारखे झाल्यामुळे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक मोटारींचे भाग कारागीर कानशीने घासून त्या त्या गाडीला बसते करत. एका गाडीचा पिस्टन त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीत जाईल याची खात्री नसे. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण खोलण्यात आल्या. त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी गोदामातले नवे घातले आणि साध्या पान्यांनी व पेचकसांनी गाड्या पुन्हा जोडल्या. तिन्ही गाड्या ५०० मैल धावल्या आणि कॅडिलॅकला ड्युअर ट्रॉफी मिळाली. कॅडिलॅक चालवणारे हेन्री लेलंड मापाच्या अचूकपणाबद्दल ख्यातनाम होते. फोर्डने हीच अचूकता स्वस्त केली आणि १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी बाहेर काढल्या. इतक्या गाड्या एकाच साच्याच्या असल्या की जुनी गाडीही पार्टचे कोठार ठरते.

मॉडेल टीच्या निदानाची रीतही याच एकसारखेपणातून निघाली. तिच्या चार सिलिंडरना चार वेगवेगळ्या इग्निशन कॉइल होत्या, चालकासमोरच्या एका लाकडी पेटीत ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीवर गुणगुणणारी कंपक पट्टी. इंजिन मिसिंग मारू लागले की मेकॅनिक त्या पट्ट्या बोटाने एकेक दाबून धरी. ज्या पट्टीला दाबल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नसे तो सिलिंडर आधीच बंद असलेला. मग त्या जागेवरची कॉइल शेजारच्या जागी घालायची. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल वाईट. जागेवरच राहिला तर प्लग, वायर किंवा टायमर पाहायचा. हातातला ठीक पार्ट संशयिताच्या जागी लावून दोष हलतो का पाहणे ही युक्ती पुढे शंभर वर्षे टिकली. तिच्यासाठी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बसणारा दुसरा पार्ट जवळ असणे, आणि पुढच्या काळात अडचण नेमकी तिथेच येऊ लागली.

पार्टचा व्यापार कंपन्यांच्या दुकानांबाहेर फार लवकर गेला. जॉर्ज पेपरडाइन यांनी १९०९ मध्ये कॅन्सस सिटीत सुरू केलेली वेस्टर्न ऑटो ही पेढी मॉडेल टीचे सामान टपालाने पाठवत असे. सीअर्सच्या जाडजूड कॅटलॉगातही मोटारीच्या सामानाची पाने होती. शिकागोत इस्रायल वॉर्शॉव्स्की या लिथुआनियातून आलेल्या माणसाने १९१५ मध्ये भंगाराचा धंदा मांडला, त्यातून पुढे जे. सी. व्हिटनी हा टपालाने माल विकणारा प्रचंड उद्योग उभा राहिला. स्वतंत्र पार्ट-दुकानदारांची नापा ही संघटना १९२५ ची, म्हणजे पिकअपच्याच वयाची. गावोगावच्या नापाच्या दुकानात लांब लाकडी काउंटर आणि त्यावर कॅटलॉगांची भलीमोठी रांग असे. काउंटरमागचा अनुभवी माणूस गिऱ्हाइकाने पुढे ठेवलेला तुटका पार्ट पाहूनच तो कुठल्या गाडीचा हे सांगे. अशी माणसे निवृत्त झाली की त्या गावात जुना ट्रक चालवणे अवघड होई, हे अमेरिकेच्या ग्रामीण भागात आजही ऐकू येते.

पिकअप मोटारीपेक्षा जास्त जगला. मोटार बदलणे हा प्रतिष्ठेचा प्रश्न होता. पिकअप मात्र शेतावर, बांधकामावर, विहिरीच्या कामाला जुंपलेला, बापाकडून मुलाकडे जाणारा. त्यातच १९२९ नंतरच्या मंदीत नवी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांचीच उरली. भंगाराच्या आवारांना तेजी आली आणि त्यांच्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला. आवारात पडलेल्या गाडीचा डिफरन्शियल समोरच्या गिऱ्हाइकाच्या वेगळ्याच गाडीला बसेल का? या प्रश्नाचे छापील उत्तर म्हणजे १९३४ मध्ये मिनेसोटातून निघालेले हॉलंडर इंटरचेंज. त्यात पार्टला एक क्रमांक दिलेला असे आणि त्याखाली तो ज्या ज्या वर्षांच्या, ज्या ज्या मॉडेलांना बसतो ती यादी. दिसायला हे पुस्तक अत्यंत नीरस. पण भंगाराच्या धंद्याला त्याने बाजारपेठेचे रूप दिले. त्याआधी भंगारवाला लोखंड विकत होता. त्यानंतर तो काय कशाला लागते याची माहिती विकू लागला, आणि लोखंड त्या माहितीबरोबर जाऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धात या माहितीची किंमत आणखी वाढली. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबले आणि लोकांना आहेत त्या गाड्याच चालवाव्या लागल्या. जुना सेल्फ, जुना डायनॅमो दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्या कारखान्यांना याच काळात बळ मिळाले. नवा दुरुस्त पार्ट घेताना जुना परत द्यायचा, नाहीतर वर अनामत भरायची, हा व्यापारातला रिवाज तेव्हापासून पक्का झाला. दुकानदार त्या जुन्या नगाला 'कोअर' म्हणतो. या रिवाजाची एक वाईट बाजूही आहे : दुरुस्तीच्या कारखान्यात निरनिराळ्या गाड्यांचे कोअर एकत्र होतात, आणि बाहेर येणाऱ्या अल्टरनेटरवर भलतीच पुली किंवा भलतेच आवरण बसलेले निघते. जुन्या ट्रकवर नवा लावलेला पार्टच सदोष निघणे ही म्हणूनच निदानातली मोठी फसगत आहे.

युद्धाने आणखी एक गोष्ट केली. जीप एकच आरेखन वापरून दोन कंपन्यांनी बनवली, विलीज आणि फोर्ड. दोन्हींचे भाग एकमेकांना बसत, पण फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टवरही, इंग्रजी एफ अक्षर उठवले. आज मूळ स्वरूपातली फोर्ड जीप उभी करू पाहणारे लोक बोल्टच्या डोक्यावरचे हे अक्षर शोधत फिरतात, जरी बिनखुणेचा बोल्ट तेवढाच घट्ट बसतो.

जीपची पुढची शाखा मुंबईत रुजली. महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि नंतर परवान्याखाली सीजे-३बी ही जीप बनवली. व्हॉल्व्हची रचना बदलल्याने तिचे इंजिन उंच झाले होते आणि त्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. भारतात ओळखीचा झालेला जीपचा तो उंच चेहरा त्यामुळेच आला. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले, इथे त्याचे वंशज त्यानंतरही कित्येक दशके निघत राहिले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कथा पार्टच्या दृष्टीने याहून रंजक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या या कंपनीने क्रायस्लरशी करार करून डॉज, डी सोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी ट्रक काढले. नावाची पट्टी वेगळी, आतला ट्रक जवळजवळ तोच. क्रायस्लरची ही जुनी पद्धत होती : एकच वाहन निरनिराळ्या विक्रेत्यांना निरनिराळ्या नावाने द्यायचे. फार्गोचा पार्ट डॉजच्या डब्यात सापडतो हे ज्याला ठाऊक तो मेकॅनिक हुशार ठरे.

उलट बाजूही होती. शेव्हरोले आणि जीएमसी या जनरल मोटर्सच्याच दोन पिकअप, पत्रा बहुतांशी एकच. पण १९५५ ते १९५९ या वर्षांत जीएमसीच्या ट्रकमध्ये पाँटिअॅकचे व्ही-आठ इंजिन असे आणि १९६० पासून जीएमसीने स्वतःचे व्ही-सहा इंजिन घातले. म्हणजे दरवाजा शेव्हरोलेचा चाले, वॉटर पंप चालत नसे. गाडीच्या बाहेरच्या रूपावरून आतल्या भागाचा अंदाज बांधणारा इथे हमखास फसे.

वर्षावरून अंदाज बांधणाराही फसे. १९५५ ची शेव्हरोले पिकअप म्हटली की दुकानदार लगेच विचारतो, पहिली मालिका की दुसरी? कारण वर्षाच्या सुरुवातीला १९४७ पासून चालत आलेला गोलसर बांध्याचा ट्रक विकला जात होता, सहा व्होल्टच्या विजेवर चालणारा. मार्च १९५५ मध्ये पूर्ण नवा ट्रक आला : पुढची काच बाजूंना वळलेली, वीज बारा व्होल्टची, आणि हवे असल्यास नवे व्ही-आठ इंजिन. नोंदणीच्या कागदावर दोन्हींचे वर्ष एकच. सहा व्होल्टचा बल्ब बारा व्होल्टच्या गाडीत लावला तर क्षणात उडतो. बारा व्होल्टची कॉइल सहावर लावली तर ठिणगी दुबळी पडते आणि माणूस दिवसभर कार्बोरेटर उघडून बसतो. फोर्डच्या ट्रकमध्ये हा व्होल्टचा बदल १९५६ मध्ये झाला. मोठ्या बदलांच्या अधेमधे छोटेही असत, आणि त्रास त्यांचाच जास्त. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या ट्रकला ब्रेक दोन वेगळ्या पुरवठादारांचे असत, मागचा अॅक्सल दोन किंवा तीन प्रकारचा असे. कारखान्यात त्या दिवशी जे आले ते बसले. कॅटलॉगात अशा भागापुढे 'अमुक तारखेपूर्वी बनलेल्या गाड्यांसाठी' अशी टीप असते. म्हणून दरवाजाच्या कडेवरच्या पट्टीवरची बनावटीची तारीख मॉडेलच्या वर्षापेक्षा महत्त्वाची.

इथून पार्टवरच्या आकड्यांचा विषय सुरू होतो, आणि जुन्या पिकअपच्या साऱ्या विद्येत हा भाग सर्वांत रसाळ आहे. फोर्डच्या भागावर उठवलेल्या क्रमांकाचे पहिले अक्षर दशक सांगते : सी म्हणजे १९६० चे, डी १९७० चे, ई १९८० चे, एफ १९९० चे. त्यापुढचा आकडा दशकातले वर्ष. तिसरे अक्षर वाहनाचा वंश. टी म्हणजे ट्रक. मग येतो मधला मूळ क्रमांक, तो भागाचा प्रकार सांगतो आणि वर्षानुवर्षे बदलत नाही : ६०४९ म्हणजे सिलिंडर हेड, ९५१० म्हणजे कार्बोरेटर, ९३५० म्हणजे इंधनाचा पंप. हा आकडा पाठ असलेला माणूस कुठल्याही दशकातल्या फोर्डच्या यादीत वाट काढू शकतो.

पण या क्रमांकांत दोन सापळे आहेत. एक म्हणजे भागावर ओतलेला क्रमांक हा अभियांत्रिकी क्रमांक. दुकानात मागायचा क्रमांक त्याहून वेगळा, त्यात चौथे अक्षर बहुधा झेड असते. ओतीव क्रमांक सांगून मागणी केली की माणूस रिकाम्या हाताने परततो. दुसरा असा की क्रमांकातले वर्ष आरेखनाचे असते. फोर्डच्या ४६० घन इंचांच्या मोठ्या इंजिनाचे डी३व्हीई या खुणेचे हेड १९७३ मध्ये आले आणि १९८० च्या दशकातल्या पिकअपपर्यंत तेच लागत राहिले. अशा एखाद्या ट्रकचे बॉनेट उघडून 'यात कोणीतरी जुने इंजिन टाकले आहे' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. प्रत्यक्षात हेड कारखान्यातूनच तसे आलेले असते.

जनरल मोटर्सच्या इंजिनावरही ब्लॉकच्या मागच्या अंगाला ओतीव क्रमांक असतो, शिवाय ओतल्याची तारीख : महिन्यासाठी ए ते एल यांपैकी एक अक्षर, मग दिवस, मग वर्ष. या कंपनीचा ३९७००१० हा ब्लॉक भंगाराच्या आवारांत अतिशय प्रसिद्ध, कारण तो ३०२, ३२७ आणि ३५० अशा तीन वेगवेगळ्या घनफळांच्या इंजिनांना वापरला गेला. नुसता ओतीव क्रमांक वाचून ३५० चे इंजिन म्हणून घेतलेले पुढे दुसरेच निघू शकते. खरी ओळख ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडलगतच्या सपाट जागेवर ठोकलेल्या अक्षरांतून होते. ती इंजिन कधी जोडले आणि कशासाठी हे सांगतात. इंजिन पुन्हा मशीन करताना तो पृष्ठभाग घासला गेला की ओळखही गेली.

शेव्हरोलेच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या पिकअपमध्ये हातमोज्यांच्या कप्प्यावर चिकटवलेला एक कागद असे. गाडी कारखान्यातून ज्या ज्या वैशिष्ट्यांसह निघाली त्यांचे तीन-तीन अक्षरांचे संकेत त्यावर छापलेले : जी८० म्हणजे लॉक होणारा डिफरन्शियल, जीयू६ म्हणजे ३.४२ चे अॅक्सल गुणोत्तर, जीटी४ म्हणजे ३.७३ चे. मागचे दात बदलताना किंवा स्पीडोमीटर चुकीचा का दाखवतो ते शोधताना हा कागद पाहिला की काम सोपे. तो फाटला असेल तर एक चाक उचलून, ते हाताने फिरवत, प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजत बसावे लागते. १९८१ पासून सगळ्या कंपन्यांना सतरा अक्षरी चासी क्रमांक सक्तीचा झाला. त्यातले दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते आणि फोर्ड व जनरल मोटर्सच्या ट्रकांत आठवे अक्षर इंजिन सांगते. पण चासी क्रमांक सांगतो तो ट्रकचा जन्म. चाळीस वर्षांत तीन मालकांनी काय बदलले त्याची नोंद त्यात नसते, आणि जुन्या पिकअपमध्ये काहीच न बदललेले असणे विरळा.

पार्ट ओळखता आला तरी तोच बिघडला आहे हे ठरवायचे असते. या बाबतीत जुन्या पिकअपचे काही दोष इतके स्वभावधर्मी आहेत की लक्षण ऐकताच जाणकार पार्टचे नाव घेतो. डॉजचा ट्रक सेल्फ मारताच सुरू होतो आणि चावी सोडताच बंद पडतो : बॅलास्ट रेझिस्टर गेला. सेल्फ फिरत असताना कॉइलला बॅटरीची वीज थेट मिळते, चावी सोडल्यावर ती केबिनच्या भिंतीवर बसवलेल्या चिनी मातीच्या त्या छोट्या ठोकळ्यातून येते. आतली तार तुटली की चावी सोडताच ठिणगी थांबते. काही डॉलरचा हा नग हातमोज्यांच्या कप्प्यात जादा ठेवण्याची चाल क्रायस्लरवाल्यांत सर्वश्रुत होती.

फोर्डमध्ये सेल्फचा रिले इंजिनावर नसून बॅटरीजवळ मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर बसवलेला असतो. ही जागा मेकॅनिकच्या फार सोयीची. चावी फिरवल्यावर रिले 'टक्' वाजला पण सेल्फ फिरला नाही, तर बॅटरी, जाड केबली किंवा रिलेचे आतले संपर्क. वाजलाच नाही, तर चावीचा स्विच, गिअरचा सुरक्षा स्विच किंवा रिलेची अर्थिंग. गाडी न्यूट्रलमध्ये घालून आणि हातब्रेक ओढून रिलेचे दोन जाड बोल्ट पेचकसाने जोडले आणि सेल्फ फिरला की बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष. एका मिनिटात निम्मी यादी संपते. याच फोर्डच्या डॅशबोर्डमागे पंचवीस-तीस वर्षे एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असे. तो बारा व्होल्टची वीज तोडत-जोडत सरासरी पाच व्होल्टवर आणून इंधनाच्या आणि तापमानाच्या काट्यांना देई. दोन्ही काटे एकदम वर गेले किंवा एकदम झोपले तर या रेग्युलेटरकडे बोट दाखवायचे. हे ठाऊक नसलेला माणूस इंधनाची टाकी उतरवतो, आतला सेंडर बदलतो, टाकी चढवतो, आणि काटा होता तिथेच.

अर्थिंग हा तर वेगळाच अध्याय. जुन्या ट्रकमध्ये विजेचा परतीचा रस्ता म्हणजे चासी, बॉडी आणि त्यांना जोडणाऱ्या दोन-तीन विणलेल्या पट्ट्या. ईशान्य आणि मध्य-पश्चिम अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट आधी गंजतात. मग इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे मंद लुकलुकतात, सेल्फ रेंगाळतो, कधी कधी वीज क्लच किंवा थ्रॉटलच्या तारेतून वाट काढते आणि ती तार गरम होते. तपासाची रीत सोपी आहे : सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत व्होल्टमीटर लावायचा; अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवले तर अर्थिंग खराब. तरीही असंख्य सेल्फ, अल्टरनेटर आणि बॅटऱ्या या एका पट्टीपायी विनाकारण बदलल्या गेल्या.

इंजिनाच्या आतल्या प्रकृतीसाठी व्हॅक्यूम गेज हे साधन जुने आणि अजून न हरलेले. निरोगी इंजिन मंद चालताना काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांदरम्यान स्थिर राहतो. ठरावीक तालात खाली झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलेला किंवा अडकलेला. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे पडलेले किंवा कुठेतरी हवा गळते आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करायचा. डेन्व्हरसारख्या पाच हजार फुटांवरच्या शहरात हे विसरलेला मेकॅनिक धडधाकट इंजिनात दोष शोधत बसतो.

१९७० च्या दशकात पॉइंट आणि कंडेन्सर गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. क्रायस्लरने आघाडी घेतली. जनरल मोटर्सची एचईआय पद्धत १९७५ पर्यंत सर्वत्र झाली. कार्बोरेटर आणि पॉइंट घासून-पुसून चालू करण्याची पिढ्यांची सवय इथे पहिल्यांदा निरुपयोगी ठरली, कारण मॉड्यूलच्या काळ्या डब्यात उघडून पाहण्यासारखे काही नव्हते. फोर्डने १९८० च्या दशकात इग्निशनचे मॉड्यूल डिस्ट्रिब्यूटरलाच चिकटवले. तिथे इंजिनाची सगळी उष्णता त्याला लागे. ट्रक गरम झाल्यावर रस्त्यात बंद पडे, अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही असा सुरू होई, आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष नाहीसा. थंड गाडीत तपासून न सापडणारा हा बिघाड इतका गाजला की प्रकरण न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये तडजोड झाली. तोवर फोर्डने नव्या ट्रकांत मॉड्यूल डिस्ट्रिब्यूटरपासून दूर नेले होते. त्याच काळातल्या दोन टाक्यांच्या फोर्ड पिकअपमध्ये टाकीतल्या पंपाची झडप अडकली की एका टाकीचे पेट्रोल दुसरीत जाऊन ओसंडत असे. वापरात नसलेल्या टाकीतले पेट्रोल आपोआप वाढलेले दिसले की दोष ओळखावा.

इंधन इंजेक्शनबरोबर गाडी स्वतःचा दोष स्वतः सांगू लागली, मात्र सांगण्याची तऱ्हा चमत्कारिक होती. जनरल मोटर्सच्या ट्रकमध्ये डॅशबोर्डखाली बारा छिद्रांचा कनेक्टर असे. त्यातली ए आणि बी ही दोन छिद्रे वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडून चावी फिरवली की 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकू लागे. एक लुकलुक, थोडी उसंत, दोन लुकलुक म्हणजे बारा. हा संकेत आधी तीनदा येई आणि ती निदानव्यवस्था ठीक असल्याची खूण होती. पुढचे आकडे दोषाचे. फोर्डमध्ये बॉनेटखालच्या कनेक्टरला काट्याचा व्होल्टमीटर लावून त्याचे हेलकावे मोजत. दोष नसेल तर अकरा, आणि १९९१ च्या सुमारास तीन आकडी संकेत आल्यावर एकशे अकरा. पेपरक्लिपवर चालणारी ही विद्या फुकट होती. पण संकेत पार्टचे नाव सांगत नाही, सर्किटचे नाव सांगतो. ऑक्सिजन सेन्सरचा संकेत आला म्हणून सेन्सर बदलणाऱ्यांपैकी कित्येकांच्या एक्झॉस्टला खरे तर भोक पडलेले असे. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना आणि हलक्या ट्रकांना सोळा पिनांचा एकच कनेक्टर आणि एकसारखे संकेत सक्तीचे झाले. जुन्या पिकअपच्या जगात १९९५ आणि १९९६ यांच्यामधली ही रेघ फार ठळक मानली जाते. १९६५ पासून चालत आलेले फोर्डचे ३०० घन इंचांचे सरळ सहा सिलिंडरचे इंजिनही १९९६ मध्येच संपले.

पार्ट पुरवणाऱ्या आवारांचा चेहरा या दरम्यान बदलला. संगणक येण्याआधी आवारे एकमेकांना भाड्याच्या टेलिफोन तारांनी जोडलेली असत. भिंतीवरच्या कर्ण्यातून दिवसभर मागण्या घोषित होत, आणि ज्याच्याकडे माल तो उत्तर देई. १९५० च्या दशकाअखेर टेक्सासमध्ये अख्खी मोटार चघळून पोलादाचे तुकडे करणारी यंत्रे आली. जुनी गाडी पार्टसाठी ठेवण्यापेक्षा तुकडे करून विकणे कधी कधी जास्त फायद्याचे ठरू लागले. १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने महामार्गापासून हजार फुटांच्या आतल्या आवारांना आडोसा घालणे किंवा हलणे भाग पाडले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन या कायद्यामागे होत्या. दृश्य सुधारले, पण रस्त्यावरून जाताना सहज दिसणारी जुनी केबिन आता कुंपणाआड गेली. २००९ च्या उन्हाळ्यातल्या सरकारी योजनेत जुन्या गाड्या देऊन नवीन घेणाऱ्यांना सवलत मिळाली. पावणेसात लाखांहून अधिक गाड्या जमा झाल्या, त्यांत पिकअप पुष्कळ. त्यांच्या इंजिनांत तेलाऐवजी सोडियम सिलिकेटचे द्रावण घालून ती जाम होईपर्यंत चालवली गेली. इतर भाग काढून विकायला मुभा होती, पण १८० दिवसांत सांगाडा चिरडावा लागे. दरवाजे आणि अॅक्सल सोडवायला तेवढी मुदत अनेक आवारांना पुरली नाही.

पत्र्याच्या बाबतीत आज परिस्थिती चांगली आहे. केबिनचे खालचे कोपरे आणि पायरीखालचा भाग मिठाने सडतो, आणि नेमके तेच तुकडे नव्याने ठोकून विकले जातात. लोकप्रिय शेव्हरोले आणि फोर्ड पिकअपच्या काही मॉडेलांची संपूर्ण केबिन नवी मिळते. न सडलेले मूळ पत्रे हवे असतील तर खरेदीदार ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यांतल्या आवारांकडे वळतात. तिथे पत्रा टिकतो, रबर आणि डॅशबोर्ड मात्र उन्हाने फुटतात. अडचण आहे ती १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या इलेक्ट्रॉनिक भागांची. फोर्डच्या त्या काळच्या इंजिन-संगणकातले कपॅसिटर वयाने गळतात आणि सर्किटच्या तांब्याच्या वाटा खातात. तसाच दिसणारा दुसरा संगणक आवारातून आणून चालत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रदूषण-नियमांच्या जोडीनुसार आतला कार्यक्रम वेगळा असतो, आणि डब्यावरच्या पट्टीवर छापलेला संकेत जुळावा लागतो. ती पट्टी अनेकदा निघून गेलेली असते. अशा वेळी दरवाजाच्या कडेवरची बनावटीची तारीख, चासी क्रमांकाचे आठवे अक्षर आणि गिअरबॉक्सचा प्रकार एकत्र ठेवून संकेत शोधला जातो. तेही न जमल्यास जुना डबाच उघडून, गळके कपॅसिटर काढून, नवे डाग देऊन पुन्हा बसवला जातो.